मधल्या पायरीवरची कॅलवर्ट

१९ ऑक्टोबर १९५४

प्रेंटिस येऊन गेला. हॅट छातीशी, चेहरा सुतकी. माझ्या ओरविलला जाऊन वर्ष होत आलं, आणि कंपनीच्या या जिल्हा साहेबाला आज दुःख झालंय!

म्हणाला, "गेरिंगरबाई, तुम्ही फार सोसलंत. आता आराम करा. मॅन्सफील्डचे एक हुशार गृहस्थ ही एजन्सी घ्यायला तयार आहेत. मोटारी विकणं म्हणजे काही..."

पुढचं त्याला बोलवेना. मग मीच बोलले. "बायकांचं काम नाही. असंच ना? प्रेंटिससाहेब, ओरविल बॉनेट उघडून इंजिन दाखवायचा, हे खरं. पण सही व्हायची ती माझ्या स्वयंपाकघरात, याच टेबलापाशी. आणि गिऱ्हाइकाच्या बायकोला रंग कुठला हवाय, हे त्याला जन्मात कळलं नाही. ते मी सांगायचे."

ॲपल पायचा तुकडा पुढे केला. खाल्ला. दुसरा मागितला. जाताना म्हणाला, "एक वर्ष बघू."

बघ की!

२० ऑक्टोबर

अजून डोकं शांत नाही. मला म्हणे धंदा कळत नाही!

मला एवढं कळतं — या वॉलनट रिजमध्ये "माझी बढती झाली" असं कोणी आपल्या तोंडाने सांगत नाही. तो उद्धटपणा होतो. माणूस गपचूप कॅलवर्ट घेतो आणि घरापुढे उभी करतो. दुसऱ्या दिवशी शेजारीण कोंबडी घातलेल्या नूडल्सचं भांडं घेऊन येते. तीही बढतीचा 'ब' काढत नाही. "रंग छान निवडलात हं!" एवढंच म्हणते. झालं अभिनंदन.

कंपनीच्या तीन गाड्या — धाकटी, मधली म्हणजे आमची कॅलवर्ट, आणि थोरली. ओरविल म्हणायचा, "पहिल्या पगाराला धाकटी, पहिल्या बढतीला कॅलवर्ट, आणि थोरली सासरा वारल्यावर." थोरली घेतली की चर्चच्या बाकावर लोक जरा लांब सरकून बसतात.

डॉ. किंझींचंच बघा. त्यांना काय थोरली परवडत नाही? दोन परवडतील. पण ते म्हणतात, "लिओटा, थोरलीतून गेलो तर रोगी म्हणेल, माझ्याच बिलातून घेतलीये. धाकटीतून गेलो तर म्हणेल, याच्या औषधाला गुण नसणार. कॅलवर्टमधून गेलो की तो गाडीकडे बघतच नाही. मुकाट्याने जीभ दाखवतो."

हे मॅन्सफील्डच्या हुशार गृहस्थाला कोण सांगणार?

सदतीस साली कंपनीने ही गाडी काढली, तेव्हा तिचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. ओरविल मागच्या सीटवर अंड्यांची टोपली ठेवायचा आणि शेतकऱ्याच्या बायकोला शेजारी बसवून विटांच्या रस्त्यावरून गाडी दामटायचा. परत आल्यावर म्हणायचा, "मोजा." एक फुटलेलं नसायचं. अर्धा परगणा त्या टोपलीवर जिंकला त्याने.

वेंडेल फौजेत आहे, जर्मनीत. तो येईपर्यंत ही जागा राखायचीच. शोरूमच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'गेरिंगर' लिहिलंय आणि पुढे हातभर काच कोरी सोडलीये. वेंडेल पाळण्यात होता तेव्हाच ओरविलने रंगाऱ्याला सांगितलं होतं — "इथे 'अँड सन' यायचंय. जागा ठेव."

३ ऑक्टोबर १९५५

नव्या गाड्या आल्या, ताडपत्रीखाली. दर वर्षीचं नाटक! काचांना आतून खाकी कागद, आणि दाखवायच्या दिवसापर्यंत कोणाच्या दृष्टीस पडता कामा नयेत. नवरीसुद्धा एवढी कोणी झाकत नाही. धाकटीवाला आपल्या गाड्या गॅरेजात दडवतो, शाळकरी पोरं फटीतून बघतात आणि गावभर करतात. मी आमच्या नेऊन ठेवते जोनास हर्शबर्गरच्या कोठारात. जोनास आमिश. मोटार बाळगणं त्यांच्या धर्मात बसत नाही, सगळा कारभार घोड्याच्या बग्गीतून. त्याच्या गवतामागे नवी मोटार असेल, असं कुत्र्यालाही वाटणार नाही! भाडं घेत नाही. फक्त म्हणतो, "रविवारी येऊ नकोस."

ताडपत्री उचलून त्याला दाखवली. खाली क्रीम, वर पिकल्या पीचचा रंग. त्याने हात पाठीशी बांधून नीट पाहिली.

"गेल्या वर्षीच्या गाडीला काय झालं?"

"काही नाही. उत्तम आहे."

"मग ही कशाला, लिओटा?"

हा आख्ख्या गावाला अरे-तुरे करतो. त्यांची रीतच ती. मी म्हटलं, "लोकांना आवडतं नवं."

"हं," म्हणाला आणि गाईंकडे निघून गेला.

१४ ऑक्टोबर १९५५

कागद फाडला!! सायडर संपलं, डोनट संपले, शाळेच्या बँडने तीच धून चार वेळा वाजवली. डॉ. किंझी नेहमीप्रमाणे पहिले. पीच घेतली. मग काय — पोस्टमास्तर पीच, हार्डवेअरवाला पीच, पाद्रीबाबांनी हिरवी मागवलेली ती बदलून पीच! संध्याकाळी दाखवायला गाडी उरली नाही.

अंड्यांची टोपली मीच फिरवली. एकही नाही फुटलं. ओरविल, बघतोयस ना रे?

२ मार्च १९५६

जिल्ह्यात पहिली आले. प्रेंटिस पितळी ढाल घेऊन आला. म्हणाला, "खरं सांगू? मी ॲपल पाय खायला आलोय." एकदाचं खरं बोलला.

११ नोव्हेंबर १९५६

वेंडेल घरी आला! उंच झालाय की मीच खुजी झाले? क्लेटसने — आमचा मेकॅनिक, ओरविलच्या वेळचा — वर्कशॉपमध्ये सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजवले. मी भर रस्त्यात रडले. रडले तर रडले.

१६ नोव्हेंबर

पोरगा जर्मनीहून एक नाद घेऊन आलाय. छोट्या गाड्या! जेवताना तेच, भांडी पुसताना तेच. "आई, तिकडे डॉक्टरसुद्धा छोटी गाडी चालवतात. कोणी काही म्हणत नाही." मी म्हटलं, तिकडे युद्ध झालं, बिचाऱ्यांना दुसरं मिळत नसेल.

दुपारी ॲक्रनच्या मित्राची असली एक डबी घेऊन आला. कॉफीच्या डब्यासारखी दिसते, आवाज शिवणयंत्राचा. मी आत गेले आणि अंड्यांची टोपली आणून मागच्या सीटवर ठेवली. म्हटलं, "चल, विटांच्या रस्त्याने."

रात्री सगळ्यांना ऑम्लेट.

वेंडेलही हसला. पण नंतर म्हणाला, "आई, हल्ली अंडी कागदाच्या खोक्यात मिळतात. सीटवर टोपली ठेवतो कोण?" वात्रट आहे.

९ नोव्हेंबर १९५७

यंदाच्या कॅलवर्टला मागे पंख आहेत. हो, पंख! माशाला असतात तसे. आणि क्रोम इतकं की नाकापेक्षा मोती जड. मला नाही आवडली, पण लोक वेडे झालेत. चालायचंच.

एक भानगड आहे. पावसात डिकीत पाणी शिरतं. डॉ. किंझींची बॅग भिजली. त्यांनी क्लेटसला बोलावून डिकीत पोहणारी बँडेजची पट्टी दाखवली आणि म्हणाले, "पेशंट बुडाला." कारखान्याने घाई केली, दुसरं काय. क्लेटस एकेक गाडी परत बोलावून रबर बदलतोय. आम्ही विकलेली गाडी गळत राहणार नाही, मग कारखाना काही म्हणो.

१७ मार्च १९५८

ॲक्रनच्या टायर कारखान्यांनी माणसं घरी बसवली. बढतीच नाही, तर कॅलवर्ट कुठून?

आणि घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! कंपनीने यंदा धाकटीला मोठं इंजिन दिलंय, वर क्रोमचे दागिने. आणि थोरलीची एक स्वस्त आवृत्ती काढली, आमच्यापेक्षा जरासाच भाव जास्त. म्हणजे धाकटीने थोरलीचे दागिने घालायचे, थोरलीने धाकटीच्या बाजारात बसायचं, मग मधलीने करायचं काय? शत्रू परवडला, या सख्ख्या बहिणी नकोत.

प्रेंटिसला फोनवर हेच सुनावलं. तो म्हणाला, "तात्पुरतं आहे हो. कॅलवर्ट म्हणजे कंपनीचा कणा!" कणा मधेच असतो, हे मात्र खरं. मंदी काय, येते आणि जाते. आम्ही लढाईची वर्षं काढली — तेव्हा तर विकायला गाडीच नव्हती! क्लेटस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि मी शोरूममध्ये बटाटे साठवले होते. हे तर काहीच नाही.

२३ ऑगस्ट १९५८

लिहू नये असं वाटतं. पण लिहिते.

वेंडेल म्हणाला, परदेशी छोट्या गाडीची एजन्सी मिळतेय. कॅलवर्ट राहू दे, ती शेजारी ठेवू. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "आई, तू ज्या जिन्यावर मधली पायरी विकतेस ना, तो जिनाच लोकांनी सोडलाय. क्लिनिकची नर्स छोटी गाडी घेते आणि वाचलेल्या पैशांत होडी घेते. बँकेच्या मॅनेजरने छोटी घेतली. आता साधं दिसणं हीच ऐट झालीये."

"कानामागून आली आणि तिखट झाली," मी म्हटलं. "हे फॅड आहे. आणि ती डबी माझ्या काचेमागे उभी राहणार नाही."

"मग मीही नाही."

आणि मी — मी म्हणाले, "तुझा बाप असता तर त्याला लाज वाटली असती."

का म्हणाले? ओरविलला कधी कशाची लाज वाटली नाही. तो अंड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरलेला माणूस.

३० ऑगस्ट

गेला. ॲक्रनला. लग्नाला वर्षही न झालेली मार्लिस त्याच्याबरोबर. एजन्सी त्याने एकट्याने घेतली.

२७ नोव्हेंबर १९५८

थँक्सगिव्हिंग. क्लेटस आणि त्याची बायको जेवायला होते. टर्की फार मोठी आणली गेली.

८ मे १९५९

नात झाली! वेंडेलची मार्लिस सुखरूप. बॉनी नाव ठेवलंय. माझं नाव ठेवलं नाही, बरंच केलं — लिओटा हे काय नाव आहे?

मी कॅलवर्टने गेले, तो छोट्या गाडीने इस्पितळात आलेला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. बॉनीला ओरविलचे कान आहेत.

१५ जानेवारी १९६०

यंदाचा हिवाळा बरा चाललाय. किती विकल्या ते लिहीत नाही, पण विकतोय. रविवारी चर्चबाहेर नजर टाकली — कॅलवर्टला कॅलवर्ट लागून उभी. ज्यांना संपली म्हणायचंय त्यांनी आमच्या चर्चला यावं!

घरी येताना क्लेटस म्हणाला, "लिओटा, पण चालवणाऱ्यांचे केस बघितलेस का?" मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर तर तेही नाहीत.

४ एप्रिल १९६०

वेंडेल एकटाच आला. ॲपल पाय खाल्ला. म्हणाला, छोट्यांचा धंदा जोरात आहे, पण ॲक्रनचं घर अंधारं आहे आणि बॉनी तिथे सारखी खोकते. मी मान हलवली. जाताना दारात थांबला. "काचेवरची ती जागा अजून तशीच ठेवलीस?"

"पुसायला वेळ झाला नाही," मी म्हटलं.

कोरी काच कोण पुसून काढतं! पण त्याने ते मला म्हणून दाखवलं नाही. मला सगळं कळलं. त्याला घरी यायचंय. फक्त त्याला खात्री हवीये की इथे उभं राहायला जमीन आहे. ती मी देईन.

२१ सप्टेंबर १९६०

पुढच्या सालच्या, एकसष्टच्या गाड्या आल्या. पहाटे जोनासच्या कोठारात उतरवल्या. पंख गेले! सरळ, सुरेख, घरंदाज रेषा. मागचे दिवे तर नवेकोरे, पेअरच्या फळासारखे. डिकीचं रबर क्लेटसने स्वतः दाबून पाहिलं. वर पाण्याचा पाइप धरला. आत थेंब नाही. दहा वर्षांत एवढी चांगली कॅलवर्ट आली नव्हती. हे मी विकण्यासाठी म्हणत नाही, इथे कोण ऐकतंय?

जोनासची दाढी पांढरी झालीये. हात पाठीशी बांधून त्याने पाहिली.

मी म्हटलं, "गावात काही मूर्ख म्हणतात, कंपनी कॅलवर्ट बंद करणार. अरे, एवढे नवे दिवे, नवे पत्रे, नवा साज! मरायला टेकलेल्याला कोणी नवे कपडे शिवतं का?"

"आमच्यात शिवतात," जोनास म्हणाला. "पांढरे. एकदाच."

मग त्याने पत्र्यावरून अलगद हात फिरवला. आजवर कधी फिरवला नव्हता. म्हणाला, "चांगली आहे, लिओटा."

म्हाताऱ्याचं हे एक असं. पण कौतुक केलं त्याने! आमिशाने! वेंडेलला सांगायला हवं.

१३ ऑक्टोबर १९६०

कागद फाडला! गर्दी पंचावन्नसारखी नव्हती, पण होती. बँडमध्ये आता निम्म्या मुली आहेत आणि वाजवतात जास्त चांगलं. वेंडेल मार्लिसला आणि बॉनीला घेऊन आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकून, आडवा होऊन, बुडाखाली बघितलं — ओरविल बघायचा तसंच. उठला तेव्हा कोटाला माती. म्हणाला, "आई, ही खरंच चांगली बनवलीये."

मी अंड्यांची टोपली आणली. वेंडेलने चालवली, बॉनी मार्लिसच्या मांडीवर. विटांच्या रस्त्यावरून गावाला वळसा.

"मोजा," वेंडेल म्हणाला. त्याच्या बापाच्या आवाजात.

एकही नाही!

डॉ. किंझी पहिले आलेच. निळी घेतली. सही करताना म्हणाले, "लिओटा, ही शेवटची बरं का. ही मला पुरेल." सत्तरी उलटलीये, आता प्रॅक्टिस आवरणार. मी म्हटलं, "मग गंजायच्या आत मरू नका, फुकट जाईल." पोट धरून हसले.

सगळे गेल्यावर वेंडेल आणि मी सांडलेले डोनट गोळा करत होतो. मी म्हटलं, "तुझ्या बापाला कधी कशाची लाज वाटली नाही. मी खोटं बोलले होते." तो झाडत राहिला. मग म्हणाला, "माहीत होतं मला." अठ्ठावन्न सालापासून माझ्या छातीवर जो दगड होता, तो या पोराने झाडूने बाजूला सारला.

१७ ऑक्टोबर

मी वेंडेलला 'ये' म्हटलं. तो म्हणाला, "आई, लोक काय काय बोलतात. मला बायको आहे, पोर आहे. आधी प्रेंटिसला स्पष्ट विचार."

बरोबरच आहे. मी आंधळी नाही.

१९ ऑक्टोबर

प्रेंटिसला बोलावून घेतलं. त्याच टेबलापाशी बसवलं. ॲपल पाय वाढला, पण काटा दिला नाही. म्हटलं, "आधी उत्तर. माझा मुलगा चालू धंदा सोडून येतोय. कॅलवर्ट राहणार की जाणार?"

"बाई, कंपनीने एवढे नवे साचे बनवले ते काय गंमत म्हणून?"

"हो की नाही?"

"राहणार. बासष्टच्या मॉडेलचा मातीचा नमुना मी स्वतः पाहिलाय. या डोळ्यांनी."

काटा दिला. सहा वर्षं ओळखते याला. हा माणूस कंटाळवाणा आहे, अतिशहाणा आहे, पण माझ्या टेबलापाशी बसून तो खोटं बोलणार नाही.

७ नोव्हेंबर

वेंडेलने ॲक्रनची एजन्सी सोडली. घ्यायला माणूस त्याच दिवशी हजर! रांग होती म्हणे. क्लेटस म्हणाला, "ज्याच्यासाठी रांग लागते ते हा सोडतोय?" मी म्हटलं, तू रबर बघ.

१२ नोव्हेंबर

आले! सामानाने भरलेला ट्रक, वर पाळणा उलटा बांधलेला. मार्लिस थोडी गप्प आहे. ॲक्रनच्या घराला तिने स्वतः रंग दिला होता. मी तिला म्हटलं, "इथलं स्वयंपाकघर तुझं. फक्त पायचं टेबल हलवू नकोस, तो आमचा काउंटर आहे." हसली जराशी. बॉनी वर्कशॉपमध्ये क्लेटसच्या टकलावर थापट्या मारत होती. इथल्या हवेत खोकली नाही एकदाही.

१४ नोव्हेंबर

वेंडेलने पहिली गाडी विकली. त्याचा शाळेतला दोस्त, शीतगृहात आत्ताच फोरमन झालेला. मी हिशेबाच्या खोलीत बसून नुसतं ऐकत होते. पोरगा गिऱ्हाइकाशी बोलताना घाई करत नाही. मधे मधे गप्प बसतो. ते शिकवता येत नाही.

सही त्याच टेबलावर. बायकोला हिरवा हवा होता. मी डोळ्याने खुणावलं, त्याने बरोबर हिरवा म्हटलं.

वेंडेलच्या मनात बरंच आहे. पुढच्या वर्षी वर्कशॉप वाढवायचं, शोरूमची फरशी बदलायची. बोलताना हात हलवतो. मी ऐकते आणि मनात म्हणते, ओरविल, मी राखली बरं का रे जागा. प्रेंटिस, मंदी, सख्ख्या बहिणी, कॉफीचे डबे — सगळ्यांना पुरून उरले!

१९ नोव्हेंबर

रंगारी म्हातारा झालाय, शिडीवर चढत नाही. सोन्याचा वर्ख आणि कुंचले देऊन गेला. वेंडेल म्हणाला, "मीच लिहितो. अक्षर बाबांसारखंच आहे माझं." सोमवारी सुरुवात करतो म्हणाला. थँक्सगिव्हिंगच्या आत पूर्ण व्हायला हवं, त्या दिवशी मी जोनासलाही बोलावलंय. तो बग्गी शोरूमपुढे उभी करणार. गाव बघत राहील!

यंदा टर्की मोठी सांगितलीये. मुद्दाम.

२२ नोव्हेंबर १९६०

तार आली. कॅलवर्टचं उत्पादन कालपासून बंद. खाली कंपनीचं नाव, प्रेंटिसचं नाही.

घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली. वेंडेल बाहेर शिडीवर आहे. 'अँड' झालंय, 'सन'चं शेवटचं अक्षर उरलंय. खाली मार्लिसच्या कडेवरून बॉनी कुंचला मागतेय. त्याने काचेतून मला हात केला, मीही केला.

वर्ख ओला असताना हात हलला तर अक्षर बिघडतं. होऊ दे त्याचं. मग सांगते.